देहाची साक्ष : धर्मग्रंथांतील आणि साहित्यातील सावलीचा अर्थविचार

सावली पडण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : उजेड, तो अडवणारा देह, आणि ती अडवणूक जिच्यावर उमटते ती भूमी. या तिहींतील एक जरी नसेल तर सावली नाही, आणि म्हणूनच सावलीला प्रतीक म्हणून हाताळणारा प्रत्येक ग्रंथ कळत-नकळत त्यांतील एकीकडे अधिक रोखून पाहत असतो. उजेडावर दृष्टी खिळलेल्या ग्रंथाला सावली म्हणजे उणीव, आभास, सत्याचा अभाव वाटते. तापलेल्या भूमीवर उभे राहून पाहणाऱ्याला तीच आसरा वाटते. आणि देहाकडे पाहणाऱ्याला ती देह असल्याची साक्ष वाटते. छायेच्या प्रतीकाचा विचार निघाला की पहिल्या अर्थाकडेच धाव घेण्याची सवय आपल्या अभ्यासाला लागली आहे, आणि वेदान्ताचा मराठी मनावरील खोल ठसा पाहता ते स्वाभाविकही आहे. परंतु मूळ ग्रंथ क्रमाने वाचत गेले असता असे दिसते की सावलीला मिळणारा मान किंवा अवमान बहुतेक ठिकाणी देहाला मिळणाऱ्या मानावर वा अवमानावर अवलंबून असतो. प्रस्तुत प्रस्तावनेचा रोख मुख्यतः या तिसऱ्या अर्थाकडे आहे.

संस्कृतातील ‘छाया’ या शब्दाच्या कक्षेत जमिनीवर पडणारी काळी आकृती, झाडाखालचा गारवा, पाण्यातील किंवा आरशातील प्रतिबिंब आणि शरीराची कांती हे चारही अर्थ येतात, आणि ग्रंथकार एका अर्थावरून दुसऱ्यावर सहज सरकतात. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात, म्हणजे मरणाची पूर्वचिन्हे सांगणाऱ्या भागात, याचा उत्तम नमुना सापडतो. तेथे पाच महाभूतांप्रमाणे छाया पाच प्रकारची मानली आहे. छाया जवळून कळते आणि प्रभा, म्हणजे अंगाचे तेज, दुरूनही दिसते असा भेद केला आहे. आणि चांदणे, ऊन, दिवा, पाणी वा आरसा यांत ज्याची आकृती तुटलेली, अस्ताव्यस्त, एखादे अंग कमी किंवा जास्त असलेली, अथवा मस्तकहीन दिसते, त्याला वैद्याने गेल्यातच जमा धरावे असे सांगितले आहे. रोग्याच्या नाडीइतकीच त्याची सावली वैद्याला महत्त्वाची वाटावी, यामागे छाया ही देहाबाहेर पडलेली निर्जीव खूण नसून देहाचाच एक विस्तार आहे ही धारणा आहे. प्रश्नोपनिषदात प्राण आत्म्यावर कसा पसरलेला असतो हे सांगताना पुरुष आणि त्याची छाया यांचाच दाखला घेतला आहे, तो याच धारणेच्या आधाराने.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील हिरण्यगर्भसूक्तात अमृत आणि मृत्यू ही दोन्ही परमदेवतेची छाया असल्याचे म्हटले आहे. ज्या उजेडाने जीव जगतात त्याची सावलीही दुहेरीच असणार, हा विचार पुढील सर्व परंपरेला पुरून उरला. त्याच मंडलात त्वष्ट्याची कन्या सरण्यू हिचा त्रोटक उल्लेख आहे : देवांनी त्या अमर स्त्रीला मर्त्यांपासून लपवले, तिच्यासारखी दिसणारी दुसरी घडवली आणि ती विवस्वानाला, म्हणजे सूर्याला, दिली. यास्काच्या निरुक्तात ही कथा अधिक स्पष्ट होते, आणि मार्कंडेय, विष्णू इत्यादी पुराणांपर्यंत येता येता सरण्यूची संज्ञा होते व तिच्या जागी उभ्या राहिलेल्या स्त्रीला छाया हे नाव मिळते.

या कथेजवळ थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण छायेला स्वतःचे चरित्र, स्वतःची मुले आणि स्वतःचा अपराध देणारी अशी दुसरी कथा सहजासहजी सापडत नाही. सूर्याचे तेज सोसवेना म्हणून संज्ञा आपल्या जागी छायेला ठेवून निघून जाते आणि पुढे घोडीच्या रूपाने तप करत राहते; छाया संसार सांभाळते, आणि सूर्यापासून तिला सावर्णी मनू, शनी आणि तपती ही अपत्ये होतात. सूर्याला फरक कळत नाही. तो प्रथम कळतो तो मुलाला. छाया पोटच्या मुलांना जास्त जीव लावते आणि सवतीच्या मुलांना हातचे राखून वागवते, तेव्हा संज्ञेचा मुलगा यम रागाच्या भरात तिच्यावर पाय उगारतो आणि ती त्याला तो पाय गळून पडण्याचा शाप देते. यम पित्याकडे जातो, आणि मूल वाईट वागले तरी आई असा शाप देत नाही, तेव्हा ही आपली आई नव्हे, असा तर्क मांडतो. रूप हुबेहूब असताना, आवाज आणि वावर तोच असताना, सावली ओळखू येते ती तिच्या मायेच्या मापावरून, ही पुराणकाराची अंतर्दृष्टी विलक्षण आहे. तरीही पुराण छायेला खोटी ठरवून पुसून टाकत नाही. तिचा मुलगा शनी ग्रहमंडळात मानाने बसतो आणि त्याच्या प्रचलित स्तोत्रात वडिलांसोबत आईचेही नाव येते. तिचा दुसरा मुलगा सावर्णी आठव्या मन्वंतराचा अधिपती होणार असतो, आणि नवरात्रात घरोघरी वाचली जाणारी सप्तशती, जी मार्कंडेयपुराणाचाच भाग आहे, ती या सूर्यपुत्र सावर्णीच्या नावानेच सुरू होते आणि सुरथ राजा पुढील जन्मी हाच मनू होईल या वरदानाने संपते. सप्तशतीची चौकट छायेच्या वंशावर उभी आहे, याकडे अभ्यासकांचे जितके लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही.

उपनिषदांत दृष्टी बदलते. छांदोग्योपनिषदाच्या आठव्या अध्यायात देवांचा इंद्र आणि असुरांचा विरोचन आत्मा जाणून घेण्यासाठी प्रजापतीकडे बत्तीस वर्षे राहतात, आणि प्रजापती त्यांना पाण्याने भरलेल्या पसरट भांड्यात, उदशरावात, स्वतःला पाहावयास सांगतो. मग नटूनथटून पुन्हा पाहावयास सांगतो. दिसले तोच आत्मा, असे समजून दोघेही समाधानाने परततात. विरोचन देहाची सेवा हेच परम तत्त्व म्हणून असुरांना शिकवतो. इंद्र मात्र वाटेतच अडखळतो, कारण देह आंधळा झाला तर पाण्यातला तोही आंधळा होतो, देह नष्ट झाला तर तोही नष्ट होतो, हे त्याच्या ध्यानात येते. तो परत फिरतो आणि एकूण एकशे एक वर्षे राहून उत्तर मिळवतो. येथे छायेचे कार्य शंका जागवण्याचे आहे. पुढे अद्वैत वेदान्तात प्रतिबिंबवाद म्हणून ओळखले जाणारे मत, म्हणजे एकच चैतन्य अनेक अंतःकरणांत प्रतिबिंबित होऊन अनेक जीव भासतात ही मांडणी, याच वाटेने विकसित झाली. आणि ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात भरलेला घडा उलंडला तर त्यातील बिंब नाहीसे झाल्यासारखे दिसते, सूर्य मात्र नाश पावत नाही, असा दृष्टांत येतो, तोही याच कुळातला. या परंपरेची थोरवी निर्विवाद आहे. मात्र तिच्यामुळे छाया म्हणजे केवळ मिथ्या असे समीकरण रूढ झाले, आणि त्याच ग्रंथांतील वेगळे सूर मागे पडले. कठोपनिषदातील छाया आणि ऊन यांची जोडी जीवात्मा आणि परमात्मा यांना लावली जाते, आणि तेथे ती शेजारी बसलेल्या दोघांची आहे. त्यांतील एकाला नाहीसे करण्याची घाई त्या मंत्राला दिसत नाही.

देहाची साक्ष म्हणून सावलीचा सर्वांत निःसंदिग्ध गौरव महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात झाला आहे. दमयंतीच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार देव नलाचे रूप घेऊन नलाशेजारी बसतात, आणि तिच्यापुढे पाच नल उभे राहतात. ती देवांनाच शरण जाते आणि त्यांनी आपली खरी चिन्हे प्रकट करावीत अशी विनवणी करते. मग तिला दिसते की चौघांना घाम नाही, डोळे लवत नाहीत, गळ्यातील माळा टवटवीत आहेत, अंगावर धुळीचा कण नाही, पाय जमिनीला टेकलेले नाहीत आणि त्यांची सावली पडलेली नाही. पाचव्याच्या माळेतील फुले कोमेजली आहेत, अंग घामाने आणि धुळीने मळले आहे, पापण्या मिटत-उघडत आहेत, पाय भूमीवर आहेत आणि सावली त्याच्या सोबतीला आहे. व्यासांनी या ठिकाणी सावलीला नलाची जोडीदारीण केले आहे, आणि दमयंती माळ घालते ती त्या सावलीवाल्याला. तिने अमरत्व नाकारून झिजणारा, थकणारा, मरणारा देह वरला आहे. आणि ती निवड करत असताना साक्षात यम त्या रांगेत सावलीविना बसलेला आहे, हा तपशील तर वारंवार वाचावा असा आहे. घाम, धूळ आणि सावली यांना येथे उणेपणाच्या यादीतून उचलून ओळखीच्या खुणांच्या यादीत ठेवले गेले आहे.

बाराव्या शतकातील श्रीहर्षाने नैषधीयचरितात याच प्रसंगाला श्लेषाचे रूप दिले. सरस्वती स्वतः पाचही नलांचे वर्णन अशा श्लोकांत करते की प्रत्येक श्लोक देवालाही लागू पडावा आणि नलालाही. पांडित्याच्या दृष्टीने ती करामत थक्क करणारी असली, तरी मूळ कथेत नुसत्या डोळ्यांनी घडणारी ओळख तेथे भाषेच्या कोड्यात गुंतते, आणि यात काही हरवते हे मान्य केले पाहिजे. मराठीत रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे ही कथा पाठशाळांतून आणि कीर्तनांतून घरात आली. या प्रसंगाला दूरदेशीचे एक भावंडही आहे. इटालियन कवी दांते याच्या महाकाव्यातील ‘पर्गेटोरिओ’ या दुसऱ्या खंडात, पापक्षालनाच्या डोंगरावर चढताना, मृतात्मे दचकतात ते कवीची सावली जमिनीवर पडलेली पाहून; आणि स्वतः दांतेही घाबरतो, कारण त्याच्यापुढे एकट्याचीच सावली असते व सोबतचा व्हर्जिल आपल्याला सोडून गेला की काय असे त्याला वाटते. तेव्हा व्हर्जिल सांगतो की त्याची सावली पाडणारा देह नेपल्समध्ये पुरलेला आहे. परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या दोन परंपरांनी जिवंत माणसाची ओळख एकाच खुणेवर सोपवावी, यात मानवी अनुभवाची समान मुळे दिसतात.

आसरा या अर्थाने सावलीचा विचार करताना फार लांब जाण्याची गरज नाही, कारण उष्ण देशांतील बहुतेक धर्मग्रंथांत तो येतोच : बायबलमधील स्तोत्रांत परमेश्वर ही भक्ताच्या उजव्या हाताची सावली होते, कुराणात सावल्या सकाळ-संध्याकाळ ईश्वरापुढे लवतात आणि सावली लांबवणे हे त्याच्या सामर्थ्याचे चिन्ह ठरते, आणि धम्मपदाच्या प्रारंभी दुःखाला गाडीच्या चाकाची तर सुखाला कधीही न सोडणाऱ्या सावलीची उपमा मिळते. राजसत्तेने हा अर्थ तत्परतेने उचलला. मुस्लिम बादशहा स्वतःला ईश्वराची सावली म्हणवीत, आणि भारतीय राजचिन्हांत छत्र अग्रभागी असे. १६७४ साली रायगडावर झालेल्या राज्याभिषेकाने शिवाजी महाराजांना जे छत्रपतिपद दिले, त्याच्या नावातच प्रजेवर धरलेली सावली आहे. पण आसऱ्याच्या या सर्व वर्णनांत ज्ञानेश्वरांची जागा वेगळी आहे. बाराव्या अध्यायात शत्रू आणि मित्र यांच्याशी समभावाने वागणाऱ्या भक्ताचे लक्षण सांगताना त्यांनी वृक्षाचे उदाहरण दिले आहे, जो तोडण्यासाठी घाव घालणाऱ्याला आणि लावणाऱ्याला एकच सावली देतो. ईश्वराची आणि राजाची सावली शरण आलेल्यांसाठी असते. या झाडाची सावली घाव घालणाऱ्यासाठीही आहे, आणि ती देत असताना झाडाचा देह तुटतो आहे. दुसऱ्या अध्यायात बिंबाला नश्वर म्हणणारे ज्ञानेश्वर बाराव्यात सावलीला दानाचे स्वरूप देतात, हे लक्षात घेतले म्हणजे एका ग्रंथकाराच्या नावे छायेचा एकच अर्थ नोंदवणे किती अपुरे आहे ते कळते.

सावली मोजताही येते, आणि तिच्या प्रतीकात्मक अर्थांवर या मोजणीचा परिणाम झालेला आहे. ४९९ मधील आर्यभटीयात पृथ्वीच्या सावलीत शिरल्याने चंद्रग्रहण होते हे स्पष्ट सांगितले आहे, आणि तरीही राहू आणि केतू यांना छायाग्रह म्हणण्याची रूढी टिकून राहिली. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या लीलावतीत ‘छायाव्यवहार’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सपाट जागी उभी रोवलेली काठी, तिच्या सावलीवरून दिव्याची उंची वा अंतर काढण्याचे गणित त्यात येते. कवींनीही तेच निरीक्षण आपल्या पद्धतीने वापरले : भर्तृहरीने दुर्जनांच्या आणि सज्जनांच्या मैत्रीतील फरक दिवसाच्या पूर्वार्धातील आणि उत्तरार्धातील सावलीवरून दाखवला, एक आरंभी मोठी आणि पुढे आखडत जाणारी, दुसरी आरंभी लहान आणि पुढे वाढणारी, आणि वामनपंडितांच्या समश्लोकीमुळे भर्तृहरीची ही नीती मराठीत रुळली.

नाट्याच्या क्षेत्रात सावली हेच माध्यम झाले. सुभटाचे ‘दूताङ्गद’ हे संस्कृत रूपक तेराव्या शतकात गुजरातेत अणहिलवाड येथे सादर झाले आणि त्याने स्वतःला छायानाटक म्हणवले, जरी त्या संज्ञेचा नेमका अर्थ वादाचा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा जिवंत ठेवली आहे. कातडे पातळ करून त्यावर रामायणातील पात्रे कोरतात, दागिन्यांच्या आणि वस्त्रांच्या जागी बारीक भोके पाडतात, आणि पडद्यामागे दिवा लावून बाहुली पडद्याला भिडवली की त्या भोकांतून येणारा उजेडच पात्राचे अलंकार बनतो. सावलीला उजेडाचा अभाव मानणाऱ्या सिद्धान्ताला या बाहुलीजवळ अडचण येते, कारण येथे काळोखाने रूप घडते आणि उजेडाने त्याचे तपशील भरले जातात. या कलेसाठी पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

आधुनिक युरोपीय साहित्यात आणि मानसशास्त्रात सावलीला आलेले महत्त्व येथे थोडक्यात सांगितले तरी पुरे. शामिसो याच्या १८१४ च्या जर्मन कथेतील पेटर श्लेमील कधीही रिकामी न होणाऱ्या थैलीच्या मोबदल्यात आपली सावली विकतो आणि धन असूनही लोकांत वावरण्यास अपात्र ठरतो. कार्ल युंग यांनी माणूस स्वतःविषयी जे स्वीकारू शकत नाही त्या दडपलेल्या भागाला ‘सावली’ हे नाव दिले. युंग यांची संकल्पना उपयुक्त आहे, पण भारतीय कथांवर ती सरसकट लादण्याची पद्धत घातक आहे. संज्ञेची छाया हा तिच्या मनाचा दडपलेला भाग मानला, तर मुलांना जन्म देणारी, शाप देणारी, स्वतःचा वंश चालवणारी ती स्त्री एका रूपकात विरून जाते.

छायेच्या अर्थविचारात जो भाग बहुधा वगळला जातो, तो विटाळाचा. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात देवता, गुरू, राजा, स्नातक, आचार्य आणि दीक्षित यांची सावली जाणूनबुजून ओलांडू नये असे सांगितले आहे. म्हणजे पूज्य माणसाची सावली हे त्याचे अंगच समजले गेले. तीच स्मृती पाचव्या अध्यायात माशी, पाण्याचे तुषार, गाय, घोडा, सूर्यकिरण, धूळ, भूमी, वारा आणि अग्नी यांच्या बरोबरीने सावलीलाही स्पर्शाच्या बाबतीत शुद्ध मानते. सावलीचा विटाळ नाही, असे या वचनाचे सरळ तात्पर्य आहे. असे असताना काही उत्तरकालीन स्मृतिवचनांनी चांडाळाची सावली पडल्यास स्नान सांगितले, आणि समाजाने शुद्धीचे वचन बाजूला ठेवून हे वचन उचलले. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये पेशवाईतील स्थितीचे वर्णन करताना, सवर्ण माणूस रस्त्याने येत असेल तर त्याला सावलीचा विटाळ होऊ नये म्हणून अस्पृश्यांना त्या रस्त्यावर वावरण्यास बंदी होती, हे नमूद केले आहे. महार आणि मांग यांना सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर पुणे शहराच्या वेशीत येण्यास मज्जाव होता, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात, अशीही नोंद जातिसंस्थेवरील ग्रंथांत आढळते. विषुवदिनाच्या सुमारास, म्हणजे दिवस आणि रात्र समान असताना, पुण्याच्या अक्षांशावर सूर्याच्या वेळेप्रमाणे नऊ आणि तीन वाजता माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा किंचित जास्त भरते. त्याआधी आणि त्यानंतर ती माणसाहून लांबच लांब होत जाते. लीलावतीतील शंकूच्या जागी येथे जिवंत माणूस उभा केला होता, आणि छायेच्या ज्ञानातून त्याच्या हिंडण्याफिरण्याचे वेळापत्रक ठरवले होते.

नलाची सावली पाहून त्याला माळ घातली गेली आणि या माणसांची सावली पाहून त्यांना वेशीबाहेर थांबवले गेले, आणि दोन्ही ठिकाणी सावलीचा अर्थ एकच होता : येथे घामाचा, धुळीचा, श्रमाचा देह आहे. फरक त्या देहाकडे पाहण्यात होता. म्हणूनच सावलीच्या विटाळाचे खरे उत्तर सावलीविषयीच्या चर्चेत मिळत नाही. ते देहाविषयीच्या चर्चेत शोधावे लागते, आणि मराठीत ते चौदाव्या शतकातच दिले गेले आहे. चोखामेळ्यांच्या पत्नी सोयराबाई यांनी आपल्या अभंगात देहाच्या विटाळाची कल्पनाच हाती घेतली आणि असा युक्तिवाद केला की विटाळ देहातच असेल, तर त्याच्यावाचून कोणताही देह निपजत नाही, मग सोवळा म्हणावा असा देह कोणाचा? त्या अभंगात सावलीचा उल्लेख नाही, परंतु सावलीचा विटाळ ज्या एका गृहीतकावर उभा होता, त्याच गृहीतकाला सोयराबाईंनी हात घातला आहे. त्यामुळे छायेच्या प्रतीकाचा कोणताही मराठी अभ्यास उपनिषदांपासून सुरू झाला तरी या अभंगाला वगळून पुरा होऊ शकत नाही.